विंडोज पुन्हा पुन्हा बिघडतंय? आधी फॉरमॅट थांबवा

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीलगतच्या टेबलावर माझा कॉम्प्युटर आहे. गेली २२ वर्षं मी घरी बसून अक्षरजुळणी करते. वर्षभर पुस्तकं आणि लग्नपत्रिका, आणि जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंक. या चार महिन्यांत मशीन बंद पडणं म्हणजे काय, ते या कामातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका पावसाळ्यात नेमकं तेच झालं. जून ते ऑगस्ट, अकरा आठवड्यांत चार वेळा विंडोज उडालं.

दर वेळी प्रकार तोच. सकाळी चालू केलं की निळा पडदा, मग ‘ऑटोमॅटिक रिपेअर’, मग गोल फिरणारे ठिपके, आणि शेवटी अमुक फाइल खराब झाली आहे असा निरोप. दुरुस्तीला येणारा मुलगा यायचा, पेनड्राइव्ह लावायचा, फॉरमॅट मारायचा आणि दीड तासात “झालं बघा काकू” म्हणून जायचा. तिसऱ्या वेळी त्यानं जुनी हार्डडिस्क काढून नवी एसएसडी बसवली. अठरा दिवस छान गेले. एकोणिसाव्या दिवशी पुन्हा ठिपके.

चौथ्या वेळी मी त्याला पेनड्राइव्ह लावू दिला नाही. प्रुफात मी दुरुस्त केलेली चूक पुढच्या प्रुफात पुन्हा दिसली, तर मी ती पुन्हा खुणावत बसत नाही. मधे कुठे जुनी फाइल उघडली जातेय ते आधी शोधते. इथेही तसंच होतं. दर वेळी टाकलेलं विंडोज चांगलं होतं, ते नंतर काहीतरी बिघडवत होतं, आणि ते ‘काहीतरी’ आम्ही तिन्ही वेळा जागच्या जागी ठेवलं होतं.

एकदा बिघडलेलं विंडोज हा अपघात असू शकतो. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा बिघडलं, तर दोष बहुतेक विंडोजमध्ये नसतो. माझं मशीन बरं झाल्यावर नात्यातली आणि ओळखीतली सहा-सात मशीन्स मी अशीच बसून तपासली. त्यातून हाताला लागलं ते सगळं इथे लिहिते आहे, ज्या क्रमानं करावं त्याच क्रमानं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. फाइल डिस्कवर पडलेली असते. तिथून ती केबलमधून मेमरीत, म्हणजे रॅममध्ये येते, प्रोसेसर तिच्यावर काम करतो आणि बदललेली फाइल त्याच वाटेनं परत डिस्कवर जाते. या सगळ्यांना वीज पुरवतो तो एसएमपीएस, आणि त्याला वीज देतं तुमच्या भिंतीवरचं सॉकेट. या वाटेवर कुठेही एका शून्याचा एक झाला, तर चुकीची फाइल डिस्कवर लिहिली जाते. डिस्क बिचारी जे दिलं ते नीट जपून ठेवते. दोन आठवड्यांनी विंडोजला ती फाइल लागते, तेव्हा बिघाड दिसतो. म्हणून बिघाड दिसला तो दिवस आणि बिघाड झाला तो दिवस वेगवेगळे असतात. ‘काल तर चांगलं चालत होतं’ या वाक्याचा तपासाला फारसा उपयोग होत नाही, तो यामुळे.

काम वाचवणं, आणि तेही योग्य मशीनवर

आजारी विंडोज पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी ते डिस्कवर काहीतरी लिहितं. मशीन बंद करा, डिस्क काढा किंवा कुणाकडून काढून घ्या, यूएसबी केसमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत घाला आणि दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरला लावून कामाच्या फाइली उतरवून घ्या. अशी केस पुण्यात तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत किंवा ऑनलाइन सहज मिळते. जुन्या हार्डडिस्कची आणि एम डॉट टू, म्हणजे छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची केस वेगळी असते, तेवढं बघून घ्या.

बरेच जण सांगतात की त्याच मशीनवर उबंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, पेनड्राइव्हवरून चालू करा आणि कॉपी करा. तेही चालतं. पण दोष रॅममध्ये असेल, तर ती कॉपीसुद्धा त्याच खराब रॅममधून जाणार. म्हणून दुसरं मशीन मिळत असेल तर तेच वापरा. याच कारणानं डिस्क तपासून दुरुस्त करणारा ‘चेकडिस्क’ किंवा फाइली दुरुस्त करणारी कुठलीही आज्ञा या टप्प्यावर चालवू नका. खराब रॅमवर चाललेली दुरुस्ती चांगल्या फाइलींनाही हात लावते, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला चेकडिस्कची धावपळ झेपत नाही. आधी कॉपी, मग तपास, दुरुस्ती सगळ्यात शेवटी.

विंडोज ११ असेल तर डिस्क कुलूपबंद असू शकते. दुसऱ्या मशीनला लावल्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची ४८ अंकी किल्ली मागितली, तर ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आज, सगळं ठीक चालू असतानाच कागदावर लिहून कपाटात ठेवा. माझी रेशनकार्डाच्या फोल्डरमध्ये आहे.

वही घाला

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर मागचं आठवून लिहा: कधी कधी बिघडलं, पडद्यावर कोणते शब्द होते, आदल्या दोन-तीन दिवसांत लाइट गेली होती का, कोणतं जड काम चालू होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिला बिघाड होण्याआधीच्या महिन्यात मशीनमध्ये काय बदललं. पेनड्राइव्ह नवा, प्रिंटर नवा, टेबलाची जागा बदलली, घरात एसी बसवला, काहीही. मी लिहायला बसले तेव्हा आठवलं की मे महिन्यात दिवाळी अंकांच्या तयारीसाठी रॅम ४ जीबीची ८ जीबी करून घेतली होती, आणि पहिला बिघाड जूनचा. तीन फॉरमॅट झाले, पण हा प्रश्न ना त्या मुलानं विचारला होता, ना मी.

विंडोज चालू होत असेल, तर त्यानं स्वतःही एक वही ठेवलेली असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ दिसतं. तारखांचा तक्ता उघडतो आणि ज्या दिवशी काही कोसळलं, त्या दिवसाखाली लाल फुली असते. याहून तपशील हवा असेल तर ‘इव्हेंट व्ह्युअर’ उघडा आणि विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम निवडा. तिथल्या लाल खुणा बघून घाबरू नका, निरोगी मशीनमध्येही त्या असतात. मी फक्त तीन शोधते. ‘कर्नल-पॉवर ४१’ म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा चालू झालं. ते का झालं, हे त्यातून कळत नाही. ‘डिस्क ७’ म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली. ‘एनटीएफएस ५५’ म्हणजे फाइलींची मांडणीच बिघडली आहे. तारखा वहीत उतरवा.

यापुढे एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलली की तारीख लिहा. दुरुस्तीवाला रॅम, केबल आणि विंडोज एकाच बैठकीत बदलतो, तेव्हा मशीन बरं झालं तरी कशानं झालं ते कुणालाच कळत नाही.

रॅम, आणि तिच्यासाठी एक अख्खी रात्र

सर्वांत आधी रॅम तपासा. तपासणी फुकट आहे, आणि रॅम खराब असताना केलेली बाकी कोणतीही तपासणी विश्वासाची नाही.

विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहे. ते पंधरा-वीस मिनिटांत तपासून सांगतं. त्यात दोष निघाला तर तो खरा धरा, पण नाही निघाला तर सुटलो असं मानू नका. माझ्या मशीनला त्यानं चक्क पास केलं होतं. खरी तपासणी ‘मेमटेस्ट८६ प्लस’ची. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मग आपलं मशीन चालू करताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ दाबत राहा, कंपनीप्रमाणे यातली कुठलीतरी कळ लागू पडते. यादी दिसली की पेनड्राइव्ह निवडा. तो चालूच झाला नाही तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, ‘सिक्युअर बूट’ तात्पुरतं बंद करावं लागतं. पण बिटलॉकर असेल तर हे केल्यावर विंडोज पुढच्या वेळी ती ४८ अंकी किल्ली मागू शकतं, म्हणून ती हाताशी असल्याशिवाय हात लावू नका.

रात्री जेवणं झाली की लावा आणि सकाळपर्यंत चालू द्या. निदान चार फेऱ्या तरी पूर्ण व्हायला हव्यात. मी साडेदहाला लावलं होतं. पहिल्या फेरीत काही नाही, दुसरीतही नाही. दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर पडद्यावर सहा लाल ओळी, सगळ्या रॅमच्या त्याच भागातल्या. अंधाऱ्या खोलीत त्या सहा ओळींसमोर मी बराच वेळ उभी होते. अकरा आठवड्यांचं उत्तर समोर होतं.

यात ‘थोडं चालतं’ असं काही नसतं. आठ तासांत एक लाल ओळ आली, तरी ती रॅम नापास. कुणी म्हणेल की ८ जीबीमध्ये एवढीशी जागा खराब, त्यानं काय होतंय? पण तेवढ्याशा जागेवर कधी कोरी पानं पडतात, कधी विंडोजच्या अपडेटचा तुकडा पडतो. माझ्या मशीनमध्ये खराब जागा वरच्या भागात होती. साधा मजकूर जुळवताना तिथपर्यंत काही पोचायचंच नाही. अंकाचं मुखपृष्ठ फोटोशॉपमध्ये उघडलं की रॅम भरायची, आणि मग काहीतरी त्या जागेवरून जायचं. अठरा दिवस बरे का गेले, त्याचं कारण हे. त्या दिवसांत मुखपृष्ठाचं काम आलंच नव्हतं.

लाल ओळ आली की लगेच नवी रॅम आणायला धावू नका. मशीन बंद करा, पिन काढा, चालू करण्याचं बटण दोन-तीनदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या बिनरंगाच्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातला स्थिर विद्युतभार उतरतो. पुण्याच्या कोरड्या थंडीत हे विसरू नका, आणि सुती कपडे घालून बसा. रॅमच्या पट्ट्या काढा, सोनेरी दातांवरून मऊ, पांढरं खोडरबर हलकेच फिरवा, रबराचा चुरा ब्रशनं झटका आणि स्लॉटमध्ये दोन्ही बाजूंची खिटी ‘टक’ वाजेपर्यंत दाबून बसवा. पावसाळ्यात दातांवर दमटपणाचा थर बसतो, कधी कधी एवढ्यानंही काम होतं. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाचा जलद वेग चालू असेल तर तो बंद करून नेहमीच्या वेगावर आणा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या जोडलेल्या असतील, तर त्या जलद वेगाला एकमेकींशी जुळत नाहीत असं पुष्कळदा होतं.

मग पुन्हा रात्रभर, पण या वेळी एकच पट्टी एका स्लॉटमध्ये ठेवून. दुसऱ्या रात्री दुसरी पट्टी, त्याच स्लॉटमध्ये. एक पास आणि एक नापास झाली, तर दोषी पट्टी सापडली. दोन्ही नापास झाल्या तर स्लॉट बदलून बघा. दोष स्लॉटचा, म्हणजे मदरबोर्डचा असू शकतो. माझी मे महिन्यातली नवी पट्टी नापास झाली, आणि नऊ वर्षांची जुनी चारही फेऱ्यांत स्वच्छ निघाली.

वीज, सॉकेट आणि इन्व्हर्टरचं ते छोटं बटण

रॅम पास झाली, तर भिंतीकडे वळा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम’ म्हणून जी मशीन्स माझ्याकडे आली, त्यातली निम्मी मुळात विजेच्या दुखण्याची होती.

धायरीला राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या मशीनचं विंडोज वर्षात तीनदा गेलं. “आमच्याकडे इन्व्हर्टर आहे गं वहिनी, लाइटचा प्रश्नच नाही,” हे तिचं ठाम म्हणणं. तिला वही घालायला सांगितली. सहा आठवड्यांनी बघितलं तर बिघाड गुरुवारचे किंवा शुक्रवारी सकाळचे. पुण्यात देखभालीसाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारी. मी तिच्या घरी जाऊन मेन स्विच पाडून बघितला. ट्यूब किंचित लुकलुकली, पंखा फिरत राहिला, आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा चालू झाला. घरात बाकी सगळं चालू असल्यामुळे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

कारण असं, की वीज गेल्यावर कॉम्प्युटरचा एसएमपीएस आपल्या साठ्यावर निदान १६-१७ मिलिसेकंद तग धरावा, एवढीच त्याच्या मानकाची अपेक्षा असते. घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल, तर त्याला बॅटरीवर यायला यापेक्षा जास्त वेळ लागतो. पंखा-ट्यूबला तो कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. बहुतेक इन्व्हर्टरला मागे किंवा पुढे एक छोटं बटण असतं, ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ एका बाजूला आणि ‘यूपीएस’ दुसऱ्या बाजूला. तिचं बटण दुसऱ्या बाजूला सरकवलं आणि तिचं दुखणं संपलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

इन्व्हर्टर नसेल तर यूपीएस घ्या. घरच्या एका मशीनला ६०० व्हीएचा पुरतो. तो काम करत राहण्यासाठी नसतो, फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरताच असतो. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, गरम होताना तो एकदम फार वीज ओढतो. आतली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन ते चार वर्षांत दमते, आणि दमलेल्या बॅटरीचा यूपीएस हिरवा दिवा दाखवत राहतो. म्हणून दर सहा महिन्यांनी परीक्षा घ्या. मशीन चालू करून बायोसच्या पडद्यावर थांबवा, म्हणजे विंडोज चालू नसेल आणि काही बिघडणार नाही. मग यूपीएसची पिन भिंतीतून काढा. पाच मिनिटं तगला तर ठीक. लगेच मान टाकली तर बॅटरी बदला.

आता अर्थिंग. पेठांमधल्या जुन्या घरांत ही गोष्ट हमखास तपासावी. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का? टेस्टर लावला तर दिवा लागतो का? एसएमपीएसच्या आत विजेतली खरखर गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते ती खरखर अर्थिंगच्या वायरकडे सोडून देतात. अर्थिंगच नसेल तर कॅबिनेटवर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तुम्ही प्रिंटरची किंवा टीव्हीची केबल जोडता त्या क्षणी तो तिथून वाट काढतो. यूएसबीचे पोर्ट असे जातात. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कुणी कापली असेल, किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागवलं असेल, तर ते आजच काढून टाका. सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर येतं आहे का, ते वायरमनकडून मीटर लावून बघून घ्या. हे काम स्वतः करू नका.

एसएमपीएसबद्दल एवढंच. बायोसमध्ये ‘हार्डवेअर मॉनिटर’ नावाचं पान असतं. तिथे १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या मधे आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या मधे हवी. आकडा काठावर असेल किंवा सारखा हलत असेल, तर शेजाऱ्यांचा चांगला एसएमपीएस चार दिवस लावून बघा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. पिन काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठून असू शकते, आणि ती जीव घेऊ शकते.

डिस्क आणि तिची केबल

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट प्रोग्रॅम उघडला की डिस्क आपली प्रकृती स्वतः सांगते. निळं म्हणजे बरं, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे आजच कॉपी करा. पण नुसत्या रंगावर जाऊ नका. जुन्या पद्धतीच्या डिस्कला चार ओळी बघा: ०५, सी५, सी६ आणि सी७. पहिल्या तीन ओळी डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल आहेत. तिथे शून्याऐवजी आकडा आला आणि आठवड्यागणिक वाढत गेला, तर डिस्क बदला, कितीही ‘अजून चालतेय’ वाटलं तरी. शेवटच्या रकान्यातले आकडे सुरुवातीला षोडशमानात (हेक्साडेसिमल) असतात, मेनूमधून ते दशमानात करून घेता येतात.

सी७ मात्र डिस्कबद्दल नाही. तो वाटेत झालेल्या चुकांचा हिशेब आहे, आणि वाट म्हणजे केबल. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या डिस्कचं सगळं निळं होतं, पण सी७ चा आकडा चारशेच्या वर. त्यांना दोनदा नवी डिस्क घ्या असं सांगितलं गेलं होतं. मी तपकीर गल्लीतून डिस्क जोडायची खिटीवाली साटा केबल आणली आणि ती मदरबोर्डच्या दुसऱ्या पोर्टला लावली. तो आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे तो गेला का हे बघायचं नाही, वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. महिनाभर तिथेच राहिला. डिस्क अजून तीच आहे.

एनव्हीएमई एसएसडीला वेगळ्या ओळी दिसतात. त्यातली ‘अनसेफ शटडाउन्स’ ही ओळ फार उपयोगी आहे. वीज गेल्यामुळे किंवा बटण दाबून धरल्यामुळे डिस्क किती वेळा अचानक बंद झाली, ते ती मोजते. घरच्या बहुतेक एसएसडीत अशा वेळी हातातलं लिखाण पुरं करण्याइतकी वीज साठवलेली नसते. आज आकडा लिहा, महिन्यानं पुन्हा बघा. वीस-पंचवीसनं वाढला असेल, तर मागे वळा आणि विजेचा भाग पुन्हा वाचा. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ या ओळीत मात्र शून्यच हवं.

फार स्वस्तात मिळालेली मोठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह असेल, तर ती खोटी असू शकते. आत जागा कमी, आणि सांगते मात्र जास्त. खरी जागा संपली की नवं लिखाण जुन्यावर पडतं, आणि विंडोज महिना-दोन महिन्यांनी मरतं. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ नावाचा छोटा प्रोग्रॅम अख्खी डिस्क भरून परत वाचून बघतो आणि खरं काय ते सांगतो. हे विंडोज टाकण्याआधी करायचं.

उष्णतेबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा, पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा म्हणजे ते उलटं गरगरत नाही. मदरबोर्डवरच्या उभ्या, गोल कपॅसिटरांची टोपी सपाट हवी. फुगली असेल किंवा वर तपकिरी काही साचलं असेल, तर बोर्डाचे दिवस भरले. कॉम्प्युटरची तारीख रोज मागे जात असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तेवढ्यानं साइट उघडत नाहीत आणि अपडेट अडतात, आणि लोक त्यालाही करप्ट म्हणतात. सेल बदला, झालं.

विंडोज, आता टाका

हार्डवेअर स्वच्छ ठरल्यावरच विंडोजला हात लावा. इथेही दोष असतात. दुरुस्तीवाल्याच्या खिशातला जुना पेनड्राइव्ह, त्यातलं कुणी कुणी बदललेलं विंडोज आणि सोबत ते चालू करणारा ‘अ‍ॅक्टिव्हेटर’, हे मी आता घरात येऊ देत नाही. तो प्रोग्रॅम विंडोजच्या मुळाशीच हात घालतो, आणि पुढचं एखादं अपडेट त्यावर आपटतं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ घ्या आणि ८ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हवर स्वतः बनवा. विंडोज १० चं नेहमीचं अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. ती नसेल आणि वापर फक्त बँक, बातम्या आणि पत्रं एवढाच असेल, तर उबंटू टाकून बघायला हरकत नाही. आजोबांनी ते पंधरा दिवसांत आपलंसं केलं.

सध्याचं विंडोज चालू होत असेल तर आधी दुरुस्तीचा प्रयत्न करा. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’नं काळी खिडकी उघडा. इंग्रजी अक्षरांत आधी ‘DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth’, ते पुरं झालं की ‘sfc /scannow’. प्रत्येक तिरक्या रेघेआधी एक मोकळी जागा. पहिली आज्ञा दुरुस्तीचा साठा नीट करते, दुसरी त्या साठ्यातून खराब फाइली बदलते. ही दुसरी आज्ञा निदानासाठीही उत्तम आहे. आज तिनं फाइली दुरुस्त केल्या, आठवड्यानं पुन्हा चालवली आणि पुन्हा नव्या खराब फाइली सापडल्या, तर मागे कुठेतरी हार्डवेअरचा दोष सुटला आहे. वही उघडून पुन्हा रॅमपासून सुरू करा.

नव्यानंच टाकायचं ठरलं तर ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये असतं. त्यामुळे ‘शटडाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद न होता अर्धं झोपी जातं, आणि तपास चालू असताना ते नको. अपडेट चालू असताना पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका. दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम टाकू नका.

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी एक खास सूचना. नव्या विंडोजवर जुनी पेजमेकरची फाइल उघडली आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसला, तर फाइल बिघडलेली नाही. युनिकोडच्या आधीचे फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नसतात, म्हणून तसं दिसतं. जुना फॉन्ट टाका, मजकूर जसाच्या तसा परत येतो. मी एका प्रकाशकाचं २४० पानांचं पुस्तक या गैरसमजापोटी पुन्हा जुळवायला निघालेलं बघितलं आहे. फॉन्टचा फोल्डर कामाच्या फाइलींइतकाच जपून, निदान दोन ठिकाणी ठेवा.

मशीन दुकानात न्यायचंच असेल तर वहीचं पान सोबत द्या, आणि वर मोठ्या अक्षरात लिहा: विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. ‘करप्ट झालंय’ एवढंच सांगितलं तर समोरचा विंडोजच टाकणार. ‘मेमटेस्टच्या तिसऱ्या फेरीत लाल ओळी आल्या, दुसरी पट्टी पास आहे’ असं सांगितलं तर बोलणंच वेगळं होतं.

रॅमचं बिलही शोधा. तिला बहुतेक कंपन्या बरीच वर्षं वॉरंटी देतात. माझी नापास पट्टी मी कागदी पाकिटात घातली, वर तारीख आणि ‘मेमटेस्ट, ६ ओळी’ असं लिहिलं आणि बिलासकट दिली. तीन आठवड्यांनी बदलून आली. तोवर दिवाळी अंकाची १९२ पानं ४ जीबीवरच जुळवली, हळू, पण एकदाही न अडता. बदलून आलेली पट्टी आल्या रात्री एकटीच स्लॉटमध्ये घातली, मेमटेस्ट लावला आणि झोपले. सकाळी पाच फेऱ्या झाल्या होत्या, एकही लाल ओळ नव्हती. मग जुन्या पट्टीशेजारी तिला बसवलं.